सांगाव्याची दादर

माझ्या घरात दादरची भाकरी होत नाही. सून नवीन होती तेव्हा एकदा धुळ्याच्या बाजारातून हौसेने दादर घेऊन आली होती. आमच्याकडची ही रब्बीची ज्वारी, दाण्याला पाणी असलेली, पांढरीशुभ्र. तिचं माहेर साताऱ्याकडचं, तिला वाटलं, सासूबाई खान्देशातल्या, खूश होतील. मी पिशवीत हात घातला, मूठभर दाणे पाहिले आणि म्हटलं, "शेजारच्या काकूंना देऊन टाक." मला पचत नसेल असं तिला वाटलं आणि मी ते तसंच वाटू दिलं. सत्तरीकडे झुकलेल्या बाईने पचत नाही म्हटलं की कोणी फाटे फोडत नाही. पण कारण पोटाचं नाही. ते मी आजवर कोणाला सांगितलं नाही, नवऱ्यालाही अर्धंच सांगितलं होतं. आता गुडघे गेलेत, डोळ्यांचं एक ऑपरेशन झालंय, दुसरं व्हायचंय. त्याच्या आत हे कागदावर यावं असं वाटतं.

आमचं गाव चोपड्याच्या बाजूचं. उत्तरेला सातपुड्याची रांग, तिच्या खाली केळीचे मळे, मळ्यांच्या खाली कापूस, आणि कापसाच्याही खाली, ओढ्याच्या काठाला आमची वस्ती. आम्ही तिला बौद्धवाडा म्हणायचो, गाव जुनंच नाव घ्यायचं. घर मातीचं, वर सपाट धाबं. धाब्यावर उन्हाळ्यात बिबड्यांच्या, म्हणजे ज्वारीच्या पापडांच्या, पांढऱ्या चकत्या वाळत पडायच्या आणि कावळे हाकलायचं काम माझ्याकडे असायचं. सकाळी जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने. भाकरी कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळून केलेली, नाहीतर हायब्रीड ज्वारीची. हायब्रीड तेव्हा नवीन आलं होतं, पीक बख्खळ यायचं, पण भाकरी उलीच, म्हणजे जराशीच, थंड झाली की तिचं कातडं व्हायचं. सोबत लाल मिरचीचा ठेचा, कधी वांग्याचं भरीत, आणि कढीसोबत डाळीचे वाफवलेले फुनके झाले तर तो आमचा सण. नाना, म्हणजे माझे वडील, हायब्रीडच्या भाकरीचा तुकडा चावत म्हणायचे, "दादर म्हंजे दादर, बाकी बठ्ठा भुसा." ते लहानपणी कोणाच्या घरची दादर खात होते हे मी कधी विचारलं नाही. विचारायला हवं होतं.

नाना केळीच्या मळ्यात पाणी भरायचे, घड वाहायचे. शिक्षण चौथीपर्यंत, पण वाचनाचं वेड असं की एस.टी.च्या कंडक्टरकडून शिळा पेपर मागून आणायचे आणि ओसरीत बसून मोठ्याने वाचायचे. घरात अहिराणी बोलणारा हा माणूस रागावला की एकदम पुस्तकी मराठी बोलायला लागायचा. राग जितका जास्त तितकी भाषा शुद्ध. आम्हा भावंडांना ते बरोबर कळायचं. "काय करी राहिनी वं?" म्हणाले तर काही नाही, पण "विशाखा, हे काय चालले आहे?" म्हणाले की समजायचं, आज आपलं काही खरं नाही. हे विशाखा नावही त्यांनीच शोधून ठेवलेलं. धम्म घेतल्यानंतर वस्तीत जन्मलेली मी पहिली मुलगी. गावाला ते नाव झेपलं नाही, गावाने माझं इशी केलं. संध्याकाळी भिंतीवरच्या निळ्या कोटातल्या फोटोसमोर वंदना व्हायची, सगळ्या वस्तीची पोरं यायची, आणि मी पुढे बसून पंचशील म्हणायची. खोटं बोलणार नाही हे त्यातलं चौथं. त्या वयात ते मला सगळ्यांत सोपं वाटायचं.

आमची एक शेळी होती आणि तिच्या गळ्यात पितळेचे घुंगरू होते, शेळीच्या मानाने फारच दांडगे. ओढ्यावरून ती घरी निघाली की आधी घुंगरू यायचे, मग शेळी. हे घुंगरू कुठले, असं एकदा मी विचारलं तेव्हा नाना नुसते हसले. माय म्हणाली, "तुना आजानी इस्टेट शे ती." खूप नंतर कळलं की ते आजोबांच्या काठीचे होते. घुंगरू लावलेली काठी वाजवत गावची कामं करत फिरायचं, मेलेली जनावरं ओढायची, दवंडी द्यायची, साहेब आला की त्याच्या घोड्यापुढे धावायचं, आणि बदल्यात दारोदार भाकरी मागायची. या सगळ्याला गावकी म्हणत. देश स्वतंत्र झाला तेव्हा आमच्या वस्तीत काही झालं नाही. काठी वाजतच राहिली. काही वर्षांनी धम्म आला, कायदा आला, वतन गेलं, आणि नानांनी वस्तीतल्या सगळ्या घरांना एकत्र बसवून शपथ घेतली की यापुढे गावकी नाही. त्याच दिवशी काठी चुलीत गेली आणि घुंगरू शेळीच्या गळ्यात.

हे सगळं मी आता सांगते आहे. तेव्हा मला यातलं पाव हिस्साही माहीत नव्हतं. जनावरं ओढायची नाहीत, डफ वाजवायचा नाही, एवढं आम्हा पोरांना ठाऊक होतं. बाकीचं मोठ्यांनी सांगितलंच नाही. लाज वाटायची त्यांना. आपण दारोदार तुकडे मागितले हे लेकरांना कशाला कळायला हवं, त्यांनी ताठ मानेने वाढावं, असं नाना-माय यांना वाटायचं. त्यांच्या पिढीतल्या सगळ्यांनीच ही चूक केली. पोरांना गुलामीचा वारा लागू नये म्हणून तिचं तोंडही दाखवलं नाही, आणि मग ती समोर आली तेव्हा पोरांना ओळखताच आली नाही.

आठवीपासून शाळा तीन मैलांवर होती. माझे मामा भुसावळला रेल्वेत होते, त्यांनी आपली जुनी सायकल मला दिली. पुरुषी सायकल, मधला दांडा, सीट कितीही खाली केली तरी माझे पाय जेमतेम पोचायचे. माय कुरकुरायची, "तुना बाप पेपर वाची राहिना, तू सायकल फिराई राहिनी, नि घरमा पानी कोन भरी?" पण मी सायकलवर बसून निघाले की ती दारात उभी राहून पाहायची, तेही मला दिसायचं. गावातून त्या शाळेत जाणारी दुसरी मुलगी म्हणजे सुलू. तिचे वडील बापू हे गावातले मोठे केळीवाले, चावडीसमोर त्यांचं दुमजली घर, गावात त्यांच्या शब्दापुढे कोणाचा शब्द नाही. सुलू एस.टी.ने यायची, पण एस.टी. चुकली की ओढ्यापलीकडे माझी वाट पाहत थांबायची आणि माझ्या कॅरियरवर बसायची. परत येताना ओढा आला की उतरायची. का उतरायची हे तिने कधी सांगितलं नाही, मी कधी विचारलं नाही. मी तिला भूमिती शिकवायची, ती मला डब्यातला गूळ-तूप लावलेला पोळीचा रोल द्यायची. शाळेच्या आवारात आम्ही सख्ख्या बहिणी होतो. तिच्या घरी गेले तर मी ओट्यावर बसायची. मला त्याचं तेव्हा वाईट वाटायचं नाही, हे आज आठवलं की जास्त वाईट वाटतं.

एका सकाळी नाना-माय कामाला गेले होते, मी शाळेला निघायच्या तयारीत होते, आणि सुलू आमच्या गल्लीच्या तोंडाशी रडत उभी दिसली. ती तिथपर्यंत कधीच आली नव्हती. मी धावत गेले.

"आजी गयी वं," ती म्हणाली. "आत्याले कोनी सांगेल नही. तिले मायनं तोंड तरी दिसाले पाहिजे ना? तुनाजोडे सायकल शे. जाशी का?"

आत्याचं गाव नदीपलीकडे, सात-आठ मैल. मी दप्तर घरात टाकलं आणि निघाले. त्यात विचार करण्यासारखं मला काहीच दिसलं नाही. मैत्रीण रडत होती आणि माझ्याकडे सायकल होती. नदीला पाणी गुडघाभर होतं, सायकल खांद्यावर घेऊन पार केली. आत्याच्या दारात पोचले तेव्हा धाप लागली होती, शब्द फुटेना. कसंबसं सांगितलं. आत्याने तिथेच बसकण मारली आणि जी किंकाळी फोडली ती मी अजून विसरले नाही. बैलगाडी जुंपली, माणसं निघाली, दहा मिनिटांत घर रिकामं झालं. मागे राहिली आत्याची म्हातारी सासू. तिने मला खालून वर पाहिलं.

"कोनी पोर शेस तू?"

मी नानांचं नाव सांगितलं. म्हातारीने मान हलवली. "आस्सं. थांब मंग." आत गेली आणि सुपात ज्वारी घेऊन आली. "पदर धर." मी ओढणी पसरली. तिने उंबऱ्याच्या आतूनच, हात लांब करून, वरून दाणे ओतले. मी संकोचले, नको म्हटलं. ती म्हणाली, "असं नको करू. रिकामा हाते कोनी जास का?" मला वाटलं, दुःखाच्या घरीसुद्धा पाहुण्याची केवढी आच आहे या म्हातारीला. मी ओढणीची गाठ मारली, आणि सायकलला अडकवताना सहज पाहिलं तर दादर. टपोरी, चमकणारी. मला इतका आनंद झाला की सांगता सोय नाही. नदी ओलांडताना मी गाठ डोक्यावर धरली होती, एक दाणा भिजू दिला नाही. नानांना दादरची भाकरी खाऊ घालायची एवढंच माझ्या मनात होतं.

शाळा बुडवून नदीपार गेले हे कळलं तर माय बोलेल म्हणून तिला मी एवढंच सांगितलं की सुलूच्या आत्याने दिली. मायने दुसऱ्या दिवशी त्यातली अर्धी गिरणीवरून दळून आणली. संध्याकाळी नाना जेवायला बसले, पहिला घास घेतला आणि डोळे मिटले. मग म्हणाले, "दादर! कोठून उनी वं?" त्यांचा चेहरा असा खुलला होता की मला राहवलं नाही. मी सगळं सांगून टाकलं, सुलू कशी रडत आली, नदी कशी ओलांडली, म्हातारीने कसं प्रेमाने दिलं. नानांचा हात ताटात थांबला.

"विशाखा," ते म्हणाले, "धान्य तुझ्या हातात दिले की वरून टाकले?"

भाषा पुस्तकी झाली होती. "वरून," मी म्हटलं.

मायने कपाळावर हात मारला. "मनी माय! सांगावा लई गयी तू? पोरी, सांगावा लई गयी?"

तोवर सांगावा हा शब्द मी निरोप या साध्या अर्थाने ऐकला होता. मेल्याची खबर गावोगाव पोचवणं हे गावकीतलं आमचं काम होतं, आणि ज्या घरी खबर न्यायची त्या घराने वरून धान्य टाकायचं हा त्याचा मोबदला होता, हे मला त्या क्षणी मायच्या तोंडून कळलं. नानांनी उरलेली भाकरी ताटात ठेवली, हात धुतले आणि बाहेर जाऊन बसले. ओरडले असते तर बरं झालं असतं.

सकाळी उरलेली दादर आणि मला घेऊन ते त्या गावाला गेले. चालत गेलो, सायकल त्यांनी घेऊ दिली नाही. म्हातारी दारातच होती. नानांनी गाठोडं पुढे केलं, म्हणाले, पोर अजाण आहे, मैत्रिणीसाठी आली होती, हे आमच्याकडून चुकून घेतलं गेलं. म्हातारी दोन पावलं मागे सरली. "दुखना दाना परत घरमा लेतस नही, भाऊ. ते तुमनंच व्हई गयं." तिच्या आवाजात तिरस्कार नव्हता, भीतीच होती. परत घेतलेल्या दाण्याबरोबर मरण परत घरात येतं असं ती मानत होती. बाई वाईट असती तर भांडता आलं असतं. चांगल्या बाईशी काय भांडणार? गाठोडं तसंच घेऊन परत येताना नाना एका बांधावर बसले आणि मला गावकीचं सगळं सांगितलं, काठी, घुंगरू, तुकडे, सगळं. शेवटी म्हणाले, "तुले आधी सांगं नही, हाई मनंच चुकनं." मला आयुष्यात कोणाचं बोलणं एवढं लागलं नाही.

महिना झाला नसेल, बापूंच्या भाऊबंदांत एक म्हातारा गेला. बापू स्वतः आमच्या गल्लीच्या तोंडाशी आले, जिथे सुलू उभी होती तिथेच. "नाना, दोन गावले सांगावा धाडना शे," ते म्हणाले, जसं मधे काही वर्षं गेलीच नव्हती. नाना बाहेर आले. "बापूसाहेब, ती प्रथा आम्ही बंद केली आहे. कायद्यानेही ती बंद आहे."

बापू हसले. "मंग तुमनी पोर कशी गयथी? दादर लिधी ना? खाई बी लिधी ना?"

 एक घास नानांनी खाल्ला होता. "आम्ही जाणार नाही," एवढंच ते म्हणाले. दुसऱ्याच दिवशी गिरणीवाल्याच्या गिरणीचा पट्टा तुटला. "पट्टा तुटेल शे," तो आमच्या बायकांना सांगायचा, आणि त्याच्या मागच्या दारातून लोक पिठाचे डबे घेऊन निघायचे. दुकानात मीठ संपलं. मळ्यांतलं काम बंद झालं. केळी कापणीला आली होती, घड झाडावर पिकून फुटू दिले, पण आमच्या माणसांना हात लावू दिला नाही. रस्त्यात पोरं माझ्या मागे ओरडायची, "काठी गयी, सायकल उनी!" गाव करील ते राव काय करील म्हणतात ते असं. वस्ती पहिले आठ दिवस नानांच्या मागे उभी होती. बायका जात्यावर दळायच्या, एकमेकींना सावरायच्या. मग जात्याची घरघर तेवढी राहिली, बोलणं आटलं. पाणवठ्यावर मी गेले की बायका घागरी उचलून निघायच्या. आमच्यातलेच म्हातारे दगडू आबा, शपथ घेताना नानांच्या शेजारी बसलेले, एकदा ओसरीत येऊन म्हणाले, "नाना, पोर तुनी गयी. आमना पोटवर पाय कसाले देस?" शेळी विकली गेली. घुंगरू मायने काढून ठेवले. आणि एक दिवस घरात दुसरं काहीच नव्हतं तेव्हा मायने खुंटीवर टांगलेली ती दादर काढली, जात्यावर दळली आणि आम्हा पोरांना भाकरी दिली. आम्ही खाल्ली. भुकेला काय कळतं? नाना त्या दिवशी जेवले नाहीत.

नानांनी तालुक्याला अर्ज दिला. चार खेपा झाल्या, मग एक दिवस साहेब जीपमधून आले. चावडीत बैठक बसली. गावचे आत सतरंजीवर, आमचे पायऱ्यांवर. साहेब तरुण होते, चष्मा, नीटनेटका भांग. मला वाटलं, हा शिकलेला माणूस आहे, याला कळेल. नाना बोलले, स्वच्छ, शुद्ध, एकही शब्द न अडखळता. साहेबांनी ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मुलीला बोलवा." मी पायऱ्या चढून दारात उभी राहिले. समोरच बापूंचं घर, ओट्यावर सुलू खांबाला धरून उभी होती. मी तिच्याकडे पाहिलं. तिने एवढंच म्हणायचं होतं, मी मैत्रीण म्हणून सांगितलं होतं. एक वाक्य. आतून कोणीतरी तिला हाक मारली आणि ती घरात गेली.

"तुला कोणी जबरदस्ती केली होती का?" साहेबांनी विचारलं.

"नाही."

"स्वखुशीने गेलीस?"

मी नानांकडे पाहिलं. हो म्हटलं तर काय होणार हे मला कळत होतं, चौदा वर्षांची पोर इतकी काही खुळी नसते. पण रोज संध्याकाळी पुढे बसून चौथं शील म्हणणारी मीच होते, आणि ज्याने ते शिकवलं तो माणूस माझ्यासमोर उभा होता. त्याच्यादेखत खोटं कसं बोलू?

"हो," मी म्हटलं.

"धान्य घेतलंस?"

"हो."

साहेबांनी पेनाचं टोपण लावलं. नाना म्हणाले, "साहेब, मैत्रीण म्हणून आलेल्या मुलीला धान्य वरून टाकतात का?" साहेबांनी वर पाहिलं. त्यांना कळलं होतं, मी त्यांच्या डोळ्यांत पाहिलं. पण ते म्हणाले, "तुमचं खरं आहे हो, पण सक्ती कुठे दिसते यात? आणि तुम्हाला याच गावात राहायचंय ना? सलोख्याने घ्या." मग एक कागद झाला. बहिष्कार नाही, तक्रार नाही, आणि वस्तीतली माणसं गरज पडेल तेव्हा स्वखुशीने व माणुसकीच्या नात्याने निरोप पोचवतील. स्वखुशीने हा शब्द माझ्या तोंडातून उचलून त्यांनी त्या कागदात बसवला. पायऱ्यांवरची माणसं एकेक उठली आणि अंगठे देऊन आली. दगडू आबा पहिले. नानांनी सही केली नाही. सही येणारा वस्तीत तो एकच माणूस होता. गिरणीचा पट्टा त्याच संध्याकाळी जोडला गेला आणि पुढच्या आठवड्यात दगडू आबा सांगावा घेऊन नदीपार गेले. येताना त्यांच्या धोतराच्या सोग्यात गाठ होती.

मी पुढे धुळ्यात डी.एड. केलं आणि तीसेक वर्षं शाळेत शिकवलं. त्यात नागरिकशास्त्रही होतं. देश घडवणं, समता, हक्क, सगळं फळ्यावर लिहिलं आहे. "ही अनिष्ट प्रथा कायद्याने बंद झाली," असं उत्तर लिहिलं की पोरांना एक गुण मिळायचा, आणि मी तो न चुकता देत आले. पण ते वाक्य तपासताना दरवेळी मला चावडीतलं ते पेनाचं टोपण आठवायचं. कायदा करणाऱ्यांचं काय चुकलं मला माहीत नाही. त्यांनी सक्ती बंद केली. स्वखुशीचं काय करायचं ते कोणी लिहून ठेवलं नव्हतं.

नाना त्या कागदानंतर गावात राहिले नाहीत. आम्हाला घेऊन धुळ्याला आले, बांधकामावर पाणी मारायचं काम धरलं, पुढे एका शाळेत शिपाई झाले. मला त्यांनी एकदाही बोल लावला नाही. पण पेपर मोठ्याने वाचणं सोडलं. मनातल्या मनात वाचायचे, अगदी शेवटपर्यंत. पंच्याऐंशी ओलांडून गेले. गावाला कोणी कळवलं नाही. मीच म्हटलं, नको.

पंधरा दिवसांनी दारात सुलू. जळगावला असते, मुलगा डॉक्टर, गाडी-ड्रायव्हर घेऊन आली होती. जवळजवळ पन्नास वर्षांनी मी तिला पाहत होते. गळ्यात पडून रडली. खरं सांगते, मीही रडले. चहा झाला, गुडघे-डोळ्यांची विचारपूस झाली, आणि मग ती रुसल्यासारखी म्हणाली, "दुसऱ्याकडून कळलं मला. एवढे नाना गेले आणि तू मला साधं कळवलंही नाहीस?"

"कोणाला पाठवणार होते, सुलू?" मी म्हटलं. "तुमच्याकडे सांगावा नेणारी मीच होते ना."

तिला आधी कळलंच नाही. मग कळलं. मी म्हटलं, "एक विचारू? त्या दिवशी गल्लीच्या तोंडाशी आलीस, ती आपणहून आली होतीस?"

तिने पदराने डोळे पुसले. "लहान होते गं मी. बापू म्हणाले, विशाखाला जाऊन सांग, ती तुला नाही म्हणणार नाही." मग म्हणाली, "पण आत्याला आजीचं तोंड दिसलं हो तुझ्यामुळे. ती मरेपर्यंत तुझं नाव काढायची."

पन्नास वर्षं मी स्वतःला एकच सांगत आले होते की बाकी काहीही असो, ते रडणं खरं होतं. खरंच होतं ते. खऱ्या रडणाऱ्या पोरीलाच बापूंनी पाठवलं होतं.  ती निघाली तेव्हा ड्रायव्हरने आणून ठेवलेल्या पिशवीकडे बोट दाखवून म्हणाली, "यंदाची शेतातली दादर आहे. रिकाम्या हाताने कसं यायचं?"

"घेऊन जा," मी म्हटलं.

"अगं, दुःखाच्या घरी आणलेलं परत नेत नाहीत."

मी पिशवी उचलली. दहा किलो तरी असेल. सून धावली, मुलगा म्हणाला, आई, गुडघे. मी कोणाला हात लावू दिला नाही. तीन जिने उतरले, एकेका पायरीवर थांबत, सुलू मागून "अगं, अगं" करत. गाडीचं मागचं दार उघडलं आणि पिशवी सीटवर ठेवली. मग सुलूला म्हटलं, "बस आता तिच्याशेजारी," आणि दार लावून घेतलं.